घासमावशी

“पुन्हा बसवा,” डॉक्टर म्हणाले.

मावशींनी आणि मी आजोबांना पुन्हा उचललं, वजनाच्या खुर्चीची चाकं पुन्हा अडकवली आणि आकडे स्थिर व्हायची वाट बघत उभ्या राहिलो. सत्तेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. आधीही तेवढेच होते. मी हातातल्या तक्त्याकडे बघितलं. आजोबा वॉर्डात आले तेव्हा बावन्न होते. तीन आठवड्यांत जवळजवळ पाच किलो गेले होते आणि माझ्या तक्त्यात रोज तिन्ही वेळच्या जेवणापुढे एकच शब्द होता: पूर्ण. पूर्ण. पूर्ण.

“वाटीभर अन्न पूर्ण जातंय आणि माणूस वाळतोय,” डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. “तुमचं गणित चुकतंय, नाहीतर माझं निदान.”

मला या नोकरीत जेमतेम पाच महिने झाले होते. पक्षाघाताच्या वॉर्डात कोणी किती खायचं, किती घट्ट खायचं, हे ठरवायचं काम माझं. कागदावर माझा भयंकर विश्वास. माझं गणित चुकणं शक्यच नव्हतं, त्यामुळे निदान चुकलं असणार असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. तोंडाने मात्र “हो डॉक्टर” म्हणाले.

“रक्ताच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करा,” ते म्हणाले. “गुरुवारी परत वजन. उतरलं तर नाकातून नळी घालू. आणखी थांबायचं नाही.”

आजोबांच्या खाटेशी त्यांची बायको उभी होती. नळी हा शब्द ऐकल्याबरोबर तिने पलंगाची कड घट्ट धरली.

आता मावशींबद्दल सांगते, कारण ही गोष्ट त्यांची आहे. पगाराच्या कागदावर त्या ‘वॉर्ड मदतनीस’ होत्या. वॉर्डात त्यांना घासमावशी म्हणत. ज्यांना गिळता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना घास भरवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, चालताना डाव्या चपलेचा फटफट आवाज करणाऱ्या. आयुष्यभर हातात चमचा, पण चमचेगिरी कधी केली नाही, असं हेडनर्स त्यांच्याबद्दल म्हणायची. मोठ्या डॉक्टरांनाही त्या “आता मध्ये बोलू नका, घास गळ्यात आहे” असं सुनवायच्या आणि मोठे डॉक्टर गप्प बसायचे.

मी पहिल्या दिवशी रुबाबात त्यांना विचारलं होतं, “मावशी, एका घासाला किती वेळ देता?”

“घासाला लागतो तेवढा,” त्या म्हणाल्या होत्या.

त्यांच्याकडून मी जे शिकले ते कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर तेव्हा मी परीक्षेपुरतं पाठ केलं असेल. माणसाला ताठ बसवायचं, लुळ्या बाजूला उशी लावायची, हनुवटी किंचित खाली. चमचा छोटा, तोही अर्धा. तो चांगल्या बाजूने द्यायचा. मग हात खाली घेऊन नुसतं कंठाकडे बघत राहायचं. कंठ वर गेला, खाली आला, तर गिळलं. मग काहीतरी बोलायला लावायचं किंवा हुंकार द्यायला लावायचा. आवाज ओला, घरघरता आला तर घास अजून वाटेत आहे, थांबायचं. पाणीसुद्धा पातळ द्यायचं नाही, पावडर घालून घट्ट करून द्यायचं. पातळ पाणी पळतं, आणि नको त्या वाटेने फुप्फुसात शिरतं. सगळ्यात शेवटी लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून बघायचं, कारण म्हातारी माणसं तिथे अर्धं जेवण साठवून ठेवतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

आणि एक गोष्ट त्या कधीच करायच्या नाहीत. ‘आ करा’ म्हणायच्या नाहीत. “गाजर आलंय,” म्हणायच्या. “आता बटाटा. ह्यात लोणी जास्त आहे, तुमची मजा आहे.” स्वयंपाकघरातून सगळं वाटून, गाळून, गुळगुळीत होऊन यायचं. प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत ठेवा म्हणून त्या स्वयंपाक्याशी दोन वर्षं भांडल्या होत्या. “एकत्र कालवलेलं रंगाऱ्याच्या डब्यात शोभतं,” असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. भांडण मावशीच जिंकल्या.

पण दहा खाटा आणि मावशी एक. म्हणून ज्यांचं कोणी जवळ असेल त्यांना त्या भरवायला शिकवायच्या. आजोबांच्या बायकोला, म्हणजे आजींना, त्यांनी चार दिवस शेजारी बसून शिकवलं. आजी चांगल्या शिकल्या. तेव्हापासून जेवणाची वेळ संपली की आजी रिकामी वाटी मावशींच्या हातात द्यायच्या, मावशी ‘पूर्ण’ लिहायच्या, आणि तो कागद माझ्याकडे यायचा.

आजोबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते. लांब बोटांचा, शांत डोळ्यांचा माणूस. उजवी बाजू गेली होती, बोलणं तर पूर्णच गेलं होतं. डावा हात आणि डोळे तेवढे शाबूत होते. वॉर्डातल्या पंख्याची कुरकुर त्यांना सहन व्हायची नाही. पंखा सुरू झाला की ते वर बघून अशी मान हलवायचे की वाटायचं, आता उठतात आणि खोलतात.

मंगळवारी दुपारी जेवणात बीट होतं. हे बीट स्वयंपाक्याने कुठल्या मुहूर्तावर वाटलं कोण जाणे, पण त्याच्यामुळेच सगळं उघडं पडलं.

जेवण झालं. आजींनी रिकामी वाटी दिली. मावशी आजोबांचं तोंड पुसायला ओला कापूस घेऊन वाकल्या. मी शेजारी कागद घेऊन उभी होते. मावशींनी गालात बोट फिरवलं, जीभ बघितली, कापूस बघितला. कापूस पांढराच होता. मग त्यांनी मान वळवून आजींकडे बघितलं. आजी कसनुशा हसल्या, आणि त्यांचे दात लालचुटूक होते.

माझ्या तोंडून “अहो आजी!” एवढं गेलंच. मावशींनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

“आजी,” त्या साध्या आवाजात म्हणाल्या, “चूळ भरून या. मग आपण जरा चादरींच्या खोलीत बसू. मला घड्या घालायला माणूस हवंय.”

चादरींच्या खोलीत तिघी बसलो. मावशींनी खरंच आजींच्या हातात चादरीची दोन टोकं दिली. एक चादर घडी झाली, दुसरी झाली. मी मनात माझे पाच महिने, माझे तक्ते, माझी रक्ताची तपासणी यांच्या नावाने दात-ओठ खात होते. मला त्या बाईचा राग आला होता, खोटं कशाला सांगायचं. तिसऱ्या चादरीला आजींचा हात थांबला.

“सगळं नाही खाल्लं मी,” त्या म्हणाल्या. “पहिले दोन-तीन घास ते घ्यायचे. आज तेवढेही नाही घेतले.”

“आणि मग?”

“मग तोंड मिटायचे. कितीही सांगा. मी म्हटलं, वाटी भरलेली परत गेली की हे लोक नळी घालणार. आमच्या शेजारच्या बाईंना घातली होती. त्या परत कधी जेवल्याच नाहीत. तशाच गेल्या.” आजींनी चादर मांडीवर ठेवली. “आमच्यात आता बोलणं राहिलं नाही, मावशी. फिरणं राहिलं नाही. एक समोरासमोर जेवणं राहिलंय. ते पण गेलं तर मी इथे येऊन करू काय?”

माझा राग कुठे गेला ते कळलंही नाही.

मावशींनी मात्र वेगळंच विचारलं. “तोंड मिटायचे म्हणजे कसं? वैतागून? थकून? दाखवा मला.”

आजींनी दाखवलं. ओठ मिटले, मान किंचित मागे घेतली, आणि डाव्या हाताने हवेतला चमचा हळूच स्वतःकडून दूर, समोरच्या माणसाकडे वळवला.

“तुमच्याकडे?”

“हो, माझ्याकडेच ढकलायचे. मी म्हणायचे, अहो मला नको, तुम्ही खा. तरी ढकलायचे. मग मी खाल्लं की बघत बसायचे. बरं वाटल्यासारखे.”

मावशी चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. “आजी, आज सकाळपासून तुम्ही काय खाल्लंत?”

आजी इकडेतिकडे बघायला लागल्या.

“काल काय खाल्लंत?”

“खानावळ रस्त्यापलीकडे आहे,” आजी म्हणाल्या. “जाऊन यायला पाऊण तास जातो. मी नसताना ह्यांना काही लागलं तर? ह्यांना हाक मारता येत नाही ना.”

म्हणजे तीन आठवडे ही बाई घरून निघताना घेतलेला चहा आणि नवऱ्याच्या वाटीतलं वाटलेलं अन्न, एवढ्यावर होती. आणि वॉर्डातल्या डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ अशा सगळ्या शहाण्या माणसांत ती उपाशी आहे हे फक्त एकाला कळलं होतं, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

“पहिल्यापासून असेच आहेत हो ते,” आजी म्हणाल्या. आता त्यांना बोलायचंच होतं. “लिफ्ट बंद पडायची ती माणसं आत असताना. घरी यायची वेळ नक्की नाही. मी थांबायचे. ते विचारायचे, जेवलीस? मी म्हणायचे, केव्हाच. त्यांना ते खोटं कळायचं. मग ते अर्धं ताट ठेवून उठायचे. पोट भरलं म्हणायचे. ते पण खोटंच. मला काय कळत नव्हतं? पण चाळीस वर्षं आमचं असंच चाललं. कोणी कोणाला पकडून दिलं नाही.”

मावशी हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. “धन्य आहात दोघं,” त्या म्हणाल्या. “अहो, तो माणूस तुमच्यासाठी ताट ठेवतोय! आणि तुम्ही त्याच्या नावावर जेवताय!”

आजींनी तोंडावर हात ठेवला. मग त्या रडल्या. मावशींनी त्यांना रडू दिलं आणि उरलेल्या चादरी माझ्याकडून घडी करून घेतल्या.

संध्याकाळच्या फेरीत डॉक्टरांना सांगणं भाग होतं. मी वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात मावशी पुढे झाल्या.

“डॉक्टर, तपासण्या राहू द्या. पेशंट जेवतच नव्हता. चूक माझी आहे. मी वाटी बघून लिहिलं, तोंड बघून नाही. बावीस वर्षांत असं केलं नव्हतं. आता केलं.”

“मग अन्न गेलं कुठे?”

“ते माझ्याकडे राहू द्या,” मावशी म्हणाल्या.

डॉक्टर चिडले आणि ते रास्तच होतं. त्यांनी सगळ्यांसमोर मावशींना झापलं. मावशी हात मागे बांधून, खाली न बघता ऐकत राहिल्या. आजी दोनदा पुढे आल्या, मावशींनी दोन्ही वेळा कोपराने त्यांना मागे सारलं. शेवटी डॉक्टरांनी आजींकडे बघितलं, आणि मला वाटतं, त्यांना काय ते समजलं. त्यांचा आवाज उतरला.

“आजी, नळी ही शिक्षा नाही. अंगात ताकद आली की काढताही येते. अंगात काहीच नसेल तर गिळायलासुद्धा जोर कुठून आणणार? ते गुरुवारी दुपारी किती खातात ते बघू. वाटी निदान पाऊण तरी खरीच संपली, तर थांबू आठवडाभर. नाही संपली, तर घालू. चालेल?”

आजींनी मान हलवली.

बुधवारी सकाळी मावशींनी स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणल्या. दोन्हींत तेच, वाटलेलं अंडं आणि बटाटा. आजोबांच्या समोर स्टूल ठेवलं, त्यावर आजींना बसवलं, एक वाटी त्यांच्या मांडीवर.

“मला लाज वाटते,” आजी म्हणाल्या. “ह्यांच्यासमोर काय मी गपागप खाऊ?”

“गपागप नका खाऊ. पण खा. त्यांना दिसू दे.”

आजींनी एक चमचा खाल्ला. आजोबा बघत होते. दुसरा खाल्ला. आजोबांचे डोळे तिच्या वाटीवरून तिच्या तोंडावर, तिथून परत वाटीवर. मावशींनी त्यांचा चमचा पुढे केला. “अंडं आहे, आजोबा. त्यांचं त्यांना वेगळं आहे, बघा. आता ढकलायचं कारण नाही.” आजोबांनी डावा हात उचलला. मला वाटलं, झालं, पुन्हा ढकलणार. त्यांनी हात वाटेतच थांबवला, जरा वेळ तसाच धरला, आणि मग पांघरुणावर ठेवला. तोंड उघडलं. कंठ वर गेला, खाली आला.

पाव वाटी झाली. दुपारी पाव वाटीच्या थोडी वर. संध्याकाळी त्यांना फार थकवा आला आणि चार चमच्यांवर थांबावं लागलं. मावशींनी एकदाही ओढून-ताणून पुढचा घास दिला नाही. थकलेल्या गळ्यात घास ढकलणं म्हणजे आगीशी खेळ, असं त्या म्हणायच्या. मी मात्र रात्री घरी जाऊन हिशेब मांडत बसले, कुठल्या घासात आणखी लोणी घालता येईल, कुठे साय.

गुरुवारी वजन आणखी दोनशे ग्रॅम उतरलं होतं. सगळी आशा आता दुपारच्या वाटीवर होती. मी स्वतः स्वयंपाकघरात उभी राहून ती करून घेतली. भोपळा, भरपूर लोणी, दुधाची साय. उलटा चमचा धरला तर अलगद एकसंध घसरेल, इतकी जमून आलेली.

आजोबांनी जीव ओतून खाल्लं, याला मी साक्षीदार आहे. एकेक घासाला ते डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून गिळत होते. समोर आजी आपली वाटी संपवत होत्या. अर्ध्यावर आले तेव्हा त्यांचा हुंकार जरा ओला आला. मावशींनी थांबवलं, खोकायला लावलं, वाट बघितली. तेवढ्यात सात नंबरच्या खाटेवर कोणाला तरी जोराचा ठसका लागला आणि मावशी वाटी आजींच्या हातात देऊन तिकडे धावल्या. मीही मागोमाग गेले.

परत आलो तेव्हा सहा-सात मिनिटं तरी झाली असतील. आजोबा उशीला टेकून डोळे मिटून ताठ बसले होते. आजी वाटी दोन्ही हातांत धरून होत्या. वाटी होती तशीच होती. अर्धी.

“आता नाही घेत,” आजी म्हणाल्या. “दमले. मी पण आग्रह नाही केला.”

कागद माझ्या हातात होता. मी आजोबांच्या गळ्याची वर आलेली हाडं बघितली, आजींचे हात बघितले. आणि मी, जिचा कागदावर एवढा विश्वास, मीच हळूच म्हणाले, “आजी, पाऊण लिहूया का? थोडंच तर कमी आहे.”

मावशी आजींकडे बघत होत्या.

“नको पोरी,” आजी म्हणाल्या. “आपण लिहिल्यानं त्यांचं पोट कुठं भरतंय? अर्धी आहे. अर्धीच लिहा.”

मी अर्धी लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं आणि त्याच दुपारी नळी घातली. आजी बाहेर गेल्या नाहीत. आजोबांचा डावा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. नळी नाकातून आत जाताना त्यांनी तो इतक्या जोरात दाबला की आजोबांनीच उलट त्यांच्या बोटांवर थोपटलं.

शुक्रवारी मी वॉर्डात जायला टाळाटाळ केली. गेले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. नळी आजोबांच्या नाकाला चिकटपट्टीने लावलेली होती आणि वरच्या बाटलीतून त्यांचं खरं जेवण सावकाश उतरत होतं. डॉक्टरांनी चवीपुरते चार-पाच घास तोंडाने द्यायला परवानगी दिली होती. तेवढ्यासाठी मावशींनी दोन वाट्या आणल्या होत्या. एक भरलेली आजींची, एक तळाला थोडंसं असलेली आजोबांची.

“केळं आहे आज,” मावशी म्हणाल्या आणि चमचा आजींच्या हातात दिला. स्वतः बाजूला सरकून कंठाकडे बघत उभ्या राहिल्या.

आजींनी आधी आपला घास खाल्ला. मग त्यांना दिला. थांबल्या. पुन्हा आपला, पुन्हा त्यांचा. नळीमुळे गिळताना त्यांना टोचत असणार, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तोंड उघडत होते. तिसऱ्यानंतर त्यांनी मान मागे टेकवली. आजींनी रुमालाने त्यांची हनुवटी पुसली आणि वाटी खाली ठेवली.

“किती झाले?” मावशींनी पेन उघडलं.

“तीन,” आजी म्हणाल्या. मग त्यांनी रुमाल उलगडून बघितला. “नाही, थांबा. शेवटचा थोडा ओघळला. अडीच लिहा.”

मावशींनी अडीच लिहिलं.